मशीनचा शुक्रवार

"मशीन चालू कर," ब्रॅडली साहेब म्हणाला. "आत्ता. माझ्यासमोर."

दत्ताराम लेथशेजारी उभा होता. लेथच्या लोखंडी कपाळावरचं हळदकुंकू अजून ओलं होतं. चकला, म्हणजे धातूचा तुकडा पकडून धरणाऱ्या तिच्या जबड्याला, बोगनवेलीचा हार घातलेला होता आणि समोर फोडलेल्या नारळाची दोन भकलं होती. त्याने साहेबाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि हसला.

"टुडे नो, सर," तो म्हणाला. "टुमारो."

मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या फ्लाइटचं त्याचं तिकीट ऑफिसात येऊन पडलं होतं. व्हिसा कॅन्सल करायचे कागद टाइप झाले होते. ते सगळं थांबवायची संधी पहिल्यांदाच आपल्या पायांनी चालत आली होती, आणि हा बाबा तिला उद्या यायला सांगत होता.

थोडं मागचं सांगतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल आमच्या वर्कशॉपमध्ये सगळेच वेडे होते.

ऐंशीच्या दशकाची ती मधली वर्षं. मी बहारीनला, मीना सलमानच्या इंडस्ट्रियल भागात, एका लहानशा शिप रिपेअर वर्कशॉपमध्ये मशीन शॉपचा फोरमन होतो. जहाजं ओढणारे टग, मालाचे बार्ज, मासेमारीचे ट्रॉलर आमच्याकडे दुरुस्तीला येत. तेलाचे भाव पडले तसं काम आटलं. आम्हा कामगारांच्या राहायच्या कॅम्पात रोज कोणाची तरी बॅग भरली जाई आणि बाकीचे त्या बॅगेला दोरी बांधायला मदत करत. खर्च कमी करायला मालकाने ब्रॅडली साहेबाला मॅनेजर म्हणून आणला होता. माणूस वाईट नव्हता. त्याच्या हातात कात्री दिली होती आणि तो कापत होता.

दत्ताराम गुहागरकडचा, लोहाराच्या घरातला, आमचा सिनियर टर्नर. लेथमध्ये धातूचा तुकडा गरगर फिरत असतो आणि त्याला धारदार टूल लावून टर्नर हवा तो आकार काढतो. त्या फिरणाऱ्या तुकड्याजवळ हातमोजा घालून जायचं नाही, हा धंद्यातला पहिला धडा. मोजा अडकला की हाताला घेऊनच आत जातो. दत्ताराम हे नव्या माणसांना शिव्या घालून शिकवायचा. आणि ऑगस्टात एके दिवशी तळहाताला चिरलं होतं म्हणून डाव्या हातात मोजा चढवून स्वतःच मशीनवर उभा राहिला. करंगळी गेली आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. चूक त्याची होती आणि तोही तसंच सांगायचा. सलमानिया हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी जखम व्यवस्थित भरून आणली आणि 'लाइट ड्यूटी' असा शेरा दिला.

टर्नरला लाइट ड्यूटी कुठून आणणार? साहेबाने मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "जाधव, आठ बोटांचा टर्नर मला नको. पुन्हा काही झालं तर कोण निस्तरणार?"

"सर, त्याला एक जॉब करून तर दाखवू द्या."

"आणि जॉब बिघडला तर?"

हे संभाषण आमच्यात इतक्या वेळा झालं की शेवटी शेवटी मी दारात दिसलो की साहेब नुसती मान हलवायचा. तिकीट आलं तेव्हा मी दत्तारामला सांगायला कॅम्पात गेलो. घरी म्हातारी आई, बायको, दोन मुली शाळेत. आठ बोटांच्या टर्नरला गावाकडे तरी कोण उभं करणार होतं? त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तारीख काय म्हनलात?" मी सांगितली. बोटांवर हिशेब करून तो म्हणाला, "बरं झालं. खंडेनवमी हितंच व्हईल."

खंडेनवमी म्हणजे दसऱ्याचा आदला दिवस. ज्याचं पोट ज्या हत्यारावर, त्याने ते हत्यार धुऊनपुसून पुजायचं आणि त्या दिवशी त्याला काम सांगायचं नाही. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला ते पुन्हा हातात घ्यायचं. कोणी पूजा दसऱ्यालाच करतात, पण दत्तारामच्या घरी नवमी. मी स्वतः देवभोळा नाही. आमच्या घरी पूजा बायको करते आणि मी प्रसाद खातो. पण दरवर्षी जेवणाच्या सुट्टीत दत्ताराम लेथची पूजा करायचा आणि नंतरची मशीनची कामं आम्ही दुसऱ्या दिवशीवर ढकलायचो. जुन्या मॅनेजरला हे कधी कळलं नाही, कारण त्याने कधी विचारलं नाही.

त्या वर्षी नवमीला दत्ताराम सकाळीच कॅम्पच्या बसने आला. ड्यूटी नव्हती, तरी आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात पिशवी. शर्ट काढून खुंटीला लावला आणि रॉकेल नि कॉटन वेस्ट घेऊन मशीन पुसायला बसला. दोन महिन्यांत मशीनवर धुळीचा आणि जुन्या तेलाचा थर चढला होता. दात्यांच्या खाचांतून, स्क्रूच्या आट्यांतून, खालच्या ट्रेमधून तो मळ काढत होता. आणि गुणगुणत होता. ज्याचं तिकीट निघालंय तो माणूस गुणगुणतो हे मला काही झेपेना.

"दत्ताराम," मी म्हटलं, "ज्या मशीनने बोटं खाल्ली तिला आंघोळ घालतोस?"

"बोटं माज्या मस्तीनं खाल्ली भाऊ. तिचा काय दोष?" तो मान वर न करता म्हणाला. "घराला चिरा हिनं घातला. पोरींची शाळा हिनं केली. आता दोन बोटं गेली म्हनून बाकीचं सगळं इसरू?"

"आणि उद्या जातोयस ते?"

"जातोय की. म्हनून तर आज आलो." मग त्याने मान वर केली. "साहेब माजा व्हिसा कॅन्सल करील. ह्यो आनंद कसा कॅन्सल करनार? ह्यो काय त्यानं दिलेला नाय."

उत्तर सुचलं नाही की मला राग येतो. मी तिथून निघून गेलो.

पूजा झाली. वर्कशॉपमध्ये दिवा-उदबत्ती पेटवायची नाही असा साहेबाचा हुकूम होता आणि त्यात मी साहेबाच्या बाजूने होतो. जमिनीवर डिझेल सांडलेलं असताना निरांजन पेटवणारा भक्त नव्हे, मूर्ख. मग दत्तारामने जाळीचा विजेचा हँडलॅम्प लावून लेथला ओवाळलं. झेंडू मिळाला नाही म्हणून पोर्टच्या भिंतीवरची बोगनवेल आणली होती. खोबरं पहिल्यांदा स्टोअरकीपर हसनमियांना दिलं. हसनमियां खेडकडचे, पांढरी दाढी, वर्कशॉपमधले सगळ्यात जुने. त्यांनी खोबरं खाल्लं आणि म्हणाले, "दत्ता, गोड हाय रे नारळ."

नेमका तेव्हाच साहेब आत आला.

त्याच्या मागून दोघा माणसांनी एक जड तुकडा आणून जमिनीवर ठेवला. स्लिपवेवर, म्हणजे बोटी पाण्याबाहेर ओढून घ्यायच्या उतारावर, एक टग उभा होता. टगच्या पंख्याचा शाफ्ट, म्हणजे दांडा, ज्या नळीत फिरतो तिला बुश म्हणतात. ती झिजून गेली होती. नवी बुश गनमेटलमधून, म्हणजे पितळेच्या भावंडातल्या धातूतून, लेथवर कातून काढायची होती. घट्ट झाली तर शाफ्ट तापतो, सैल झाली तर अख्खी बोट थरथरते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या भरतीला टग पाण्यात सोडायचा होता. ओतीव तुकडा एकच मिळाला होता. आणि आमचा दुसरा टर्नर सुट्टीवर केरळात.

"तू म्हणत होतास ना, त्याला एक जॉब दे?" साहेब मला म्हणाला. "हा घे. बुश बरोबर निघाली तर तिकीट परत करतो. पण आत्ता सुरू करायचं. आज काही चुकलं तर उद्या दुसरा तुकडा शोधायला वेळ राहील."

त्याचं म्हणणं चोख होतं. मी असतो तर मीही हेच बोललो असतो. आणि त्यावर दत्तारामचं ते 'टुडे नो'.

मी त्याला दंडाला धरून ड्रिल मशीनमागे नेलं.

"तुला कळतंय का तो काय बोलला?"

"कळलं. बुश चांगली झाली तर ऱ्हायचं."

"मग?"

"मग उद्या करतो की. सकाळी लवकर लागलो तर दुपारपतुर निघंल."

"उद्या नाही, तो आज म्हणतोय. अरे, देव काय तुझ्यावर रुसून बसणार आहे? तोंडाने माफी माग आणि लाव टूल."

"देव रुसंल म्हनून नाय भाऊ." तो शांतपणे म्हणाला. "आमच्या बानं नवमीला भाता कधी फुकला नाय. खोताचा मानूस फाळ घेऊन दारात बसला तरी नाय. त्यो म्हनायचा, वरीसभर आपन हिच्याकडनं घेतो. एक दिस तरी काय मागायचं नाय. आता सकाळी मी हिला हळदकुंकू लावलं नि दुपारी माजीच नोकरी मागू हिच्याकडं?"

"हो, माग. तिला कान नाहीत."

"मला हायत," तो म्हणाला.

आम्ही परत आलो. मी साहेबाला समजावायचा प्रयत्न केला: हा सण आहे, आज मशीन चालवत नाहीत, उद्या सकाळी नक्की. साहेब लाल झाला. "सण? याला मी नोकरी देतोय आणि हा मला सण सांगतोय?" मग माझ्याकडे वळला. "ठीक आहे. तूही टर्नर होतास ना? तू कर."

हे अवघड नव्हतं. लेथवर माझीही उमेदीची वर्षं गेली होती. मी पुढे झालो आणि हार काढायला हात घातला. वाटलं, दत्ताराम अडवेल. तो बाजूला सरला. एवढंच नाही, माझ्यासाठी त्याने टूलबॉक्सही पुढे सरकवला.

"करा भाऊ," तो म्हणाला. "मी पूजा केली, तुम्ही नाय केली. तुमास्नी काय बंधन नाय."

तो खरंच मनापासून म्हणाला, टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी हार ओढून काढला असता. बोटं गेली होती, नोकरी जात होती, उद्या देश सुटणार होता. ह्या एका दिवसाखेरीज त्याच्या मालकीचं तिथे काही उरलं नव्हतं. आणि तो दिवस त्याच्याकडून काढून घ्यायला कंपनीला माझेच हात हवे होते. मला असा संताप आला की कानशिलं तापली. साहेबाचा, तेलाच्या भावांचा, दत्तारामचा आणि त्याच्या बाचासुद्धा.

मी हात मागे घेतला. "नाही, सर. मीही उद्याच."

"हा स्ट्राइक आहे का?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात हसनमियां पुढे आले. खोबऱ्याचा हात पँटला पुसत त्यांनी त्यांच्या इंग्रजीत साहेबाला समजावलं. "नो स्ट्राइक, सर. टुडे फ्रायडे. मॅन फ्रायडे नो. मशीन फ्रायडे."

बहारीनमध्ये आठवड्याची सुट्टी शुक्रवारी. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी कामावर बोलावलं तर मालकसुद्धा यायचे नाहीत, हे साहेबाला पहिल्या महिन्यातच समजलं होतं. तो हसनमियांकडे बघत राहिला.

"मशीनचा शुक्रवार," तो सावकाश म्हणाला. "आणि तो वर्षातून किती वेळा असतो?"

"वन, सर."

"माझं नशीब," साहेब म्हणाला आणि स्टोअरमधल्या फोनकडे गेला. बाहेरून काम करून घेऊ, असा त्याचा विचार. फोन हसनमियांच्या टेबलावर, आणि साहेब पलीकडचं उत्तर वैतागून मोठ्याने परत म्हणायचा, त्यामुळे आम्हाला सगळं ऐकू येत होतं. पहिल्या वर्कशॉपने सांगितलं, आज मशीन मेंटेनन्सला काढलीय. दुसऱ्याने सांगितलं, टर्नर आजारी आहे. तिसऱ्याकडे पॉवर नव्हती. आमच्याच रस्त्यावर होतं ते, आणि आमच्याकडे पंखे फिरत होते. चौथा मात्र सरळ माणूस निघाला. तो म्हणाला, आमच्याकडे आज पूजा आहे, उद्या पाठवा. मीना सलमानच्या लेथवर तेव्हा मल्याळी, तमिळ नाहीतर आपला मराठी माणूस. नवमीला त्यांचीही आयुधपूजा. आख्ख्या बंदरात त्या दुपारी एक लेथ फिरायला तयार नव्हतं आणि दत्ताराम आणि तो चौथा सोडून प्रत्येकाने त्यासाठी खोटं कारण दिलं होतं. हे त्या चौथ्यामुळे साहेबाच्याही ध्यानात आलं असावं. फोन ठेवून तो बाहेर आला तेव्हा आवाज खाली आला होता.

"उद्या सकाळी सहा वाजता," तो मला म्हणाला. "तो करेल. तू शेजारी उभा राहशील. आणि बिघडलं तर तिकिटं दोन."

मला त्या रात्री झोप लागली नाही. दत्ताराम मात्र घोरत होता, असं त्याच्या रूममधले सांगत होते.

दसऱ्याच्या सकाळी त्याने हार उतरवून खुंटीला अडकवला, मशीनला हात लावून नमस्कार केला आणि काम सुरू केलं. चकमध्ये तुकडा बसवून आवळायला जड चावी लागते. ती फिरवताना डावा हात घसरला आणि चावी लोखंडावर आपटली. साहेब दारातच उभा होता. मी पुढे झालो.

"लांब ऱ्हावा, भाऊ," दत्ताराम म्हणाला.

त्याने पकड बदलली. तळव्याची कड आणि मनगट वापरून चावी फिरवली. टूल पुढे सरकवणारं चाक डाव्या हाताने गोल फिरवायचं असतं, सावकाश, एकसारखं, कारण हात अडखळला तर आतल्या भागावर ओरखडा उठतो. त्याने ते असं फिरवलं की मी बघतच राहिलो.

"हे कुठे शिकलास?" मी विचारलं.

"कॅम्पात. पान्याच्या टाकीच्या व्हॉलचं चाक हाय ना, त्याच्यावर. रोज."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दोन महिने कॅम्पातले लोक माझ्याकडे तक्रार करत होते की अंगाला साबण लावला की पाणी जातं. प्लंबर दोनदा येऊन गेला होता.

मला हसू फुटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. लाल सोनेरी कीस ट्रेमध्ये पडत होता, बाहेर स्लिपवेवर टगची माणसं हातोडे मारत होती, माझ्याही नोकरीचा जीव त्या एका तुकड्यात होता, आणि मला हसू आवरत नव्हतं. दत्तारामही हसत होता. साहेब आम्हा दोघांकडे बघत होता. त्याचा काय समज झाला असेल कोण जाणे.

दुपारी बुश निघाली. साहेबाने माइक्रोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीहून बारीक फरक दाखवणारं मोजमापाचं हत्यार, स्वतः मागून घेतलं. या टोकाला मोजलं, त्या टोकाला मोजलं, फिरवून पुन्हा मोजलं. मग माइक्रोमीटर पुसून डबीत ठेवलं.

"फिट करा," तो म्हणाला. दारापर्यंत जाऊन परत आला. "जाधव, त्याला विचार. काल तो नाही म्हणाला तेव्हा मी त्याला घरी पाठवलं असतं तर?"

मी विचारलं. दत्ताराम कॉटन वेस्टने हात पुसत होता.

"तर गेलो असतो," तो म्हणाला. "माजी पूजा तर झालीच व्हती."

मी भाषांतर करून सांगितलं. तिकीट त्याच दिवशी परत गेलं आणि टग संध्याकाळच्या भरतीला पाण्यात उतरला.

मंदी पुढे बरीच चालली आणि ते वर्कशॉप शेवटी बंद पडलं. आधी ब्रॅडली साहेब गेला, मग मी गेलो. मशीन विकली गेली तेव्हा ती ट्रकवर चढवून द्यायला दत्तारामच होता.

ही हकिकत सांगितली की लोक म्हणतात, बघा, देवाने नोकरी वाचवली. मी त्यांना सांगतो, नोकरी बुशने वाचवली. देवाचे आभार तर तो आदल्या दिवशीच मानून मोकळा झाला होता, आणि तेही तिकीट ऑफिसात पडलेलं असताना. काही मिळायच्या आधीच ज्याचे आभार मानून झालेत, त्याला भीती कशाची घालणार? फोरमन म्हणून माझा अनुभव असा की अशा माणसाला मॅनेज करता येत नाही. त्याला सकाळची वेळ द्यावी आणि बाजूला उभं राहावं.